भाच्याची गाडी, भावजींची वही

मध्यमवर्गीय मराठी घरात गाडी घ्यायची म्हटली, की पहिला प्रश्न ठरलेला : "ॲव्हरेज किती देते?" दुसरा : "सर्व्हिसिंगला किती लागतात?" आणि तिसरा, जो बहुधा आईच विचारते : "मागे तिघं नीट बसतील ना?" या तिन्ही प्रश्नांत जी गाडी साफ नापास होते, तीच घ्यायची म्हणून वीस वर्षांचा मुलगा हटून बसला, तर त्या घरात काय होईल, याची कल्पना वाचकांना सहज करता येईल. २०२४ च्या मार्च महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी हेच चाललं होतं, आणि पाच आठवड्यांची पाहुणी म्हणून मी नेमकी त्या रणधुमाळीत जाऊन पडले.

ताई-भावजी न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडला राहतात. पुण्याहून २००६ मध्ये गेले, तेव्हा भाचा दोन वर्षांचा होता. आता तो कॉलेजात शिकतो आणि आठवड्यातल्या तीन रात्री एका सुपरमार्केटमध्ये माल लावायचं काम करतो. दोन वर्षं राबून त्याने ९,००० डॉलर साठवले होते. तेव्हाच्या दराने साधारण साडेचार लाख रुपये. आणि या साऱ्या पैशांतून त्याला हवी होती एक जुनी माझदा आरएक्स-८. दिसायला देखणी, जमिनीलगत बसणारी, मागची दारं कपाटासारखी उलटी उघडणारी स्पोर्ट्स कार.

भावजींचा पारा चढला होता. "अठरा वर्षांची जुनी गाडी! लिटरला सात-आठ किलोमीटर! आणि इंजिन गेलं, तर दुरुस्तीला गाडीच्या किमतीएवढे पैसे! हा पांढरा हत्ती पोसायचा कुणी?"

"मी पोसणार, बाबा," भाचा म्हणे.

त्यानंतर बापलेकांचं बोलणं जवळजवळ थांबलं. जेवताना "मीठ दे" आणि "दार लाव" एवढंच. ताई बिचारी दोघांच्या मध्ये. मला म्हणाली, "तू तरी समजाव गं कुणाला तरी."

गाड्यांमधलं मला कळतं, ते माझी स्कूटर सुरू करण्यापुरतं. पण पत्रकारितेचा डिप्लोमा करताना आमच्या सरांनी एक सवय लावली होती : दोन्ही बाजूंचं ऐकल्याशिवाय आणि जाणकाराला विचारल्याशिवाय काही लिहायचं नाही. म्हटलं, लिहायचं नसलं तरी तेच करावं. आधी ही गाडी म्हणजे काय प्रकरण आहे ते समजून घ्यावं.

खलबत्ता आणि जातं

माझदा हे नाव आपल्याला अगदीच परकं नाही. शाळेच्या नाहीतर कारखान्याच्या फेऱ्या करणाऱ्या 'स्वराज माझदा'च्या मिनीबसमध्ये आपल्यापैकी अनेक जण बसलेले आहेत. त्या कंपनीचं नाव २०११ मध्ये बदललं. पण हिरोशिमाची मूळ माझदा कंपनी जगभरच्या गाडीवेड्यांना माहीत आहे, ती तिच्या रोटरी इंजिनामुळे.

नेहमीच्या गाडीचं इंजिन हे खलबत्त्यासारखं असतं. पिस्टन म्हणजे बत्ता. तो वर-खाली होतो आणि त्याच्या वर-खाली होण्याचं रूपांतर चाकाच्या गोल फिरण्यात करावं लागतं. रोटरी इंजिन जात्यासारखं आहे. त्यात वर-खाली काही नाही, फक्त फिरणं. भुईमुगाच्या शेंगेसारख्या, मध्ये किंचित आवळलेल्या पोकळीत समोशाच्या आकाराचा, फुगीर बाजूंचा एक लोखंडी त्रिकोण फिरत असतो. त्याच्या तीन बाजूंवर तीन कप्पे तयार होतात. फिरता फिरताच हवा-पेट्रोल आत घेणं, दाबणं, पेटवणं आणि धूर बाहेर टाकणं ही चारही कामं उरकतात. आरएक्स-८ मध्ये असे दोन त्रिकोण, प्रत्येकी ६५४ सी.सी.चे. म्हणजे सगळं मिळून इंजिन अवघं १,३०८ सी.सी.चं. पण जपानी 'टाइप एस' मॉडेलमध्ये ताकद २५० अश्वशक्तीची, आणि वेग मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत.

मग सगळ्या गाड्यांत हेच इंजिन का नसतं? याचं उत्तर स्वयंपाकघरात आहे. कुकरच्या झाकणाची रबरी रिंग सैल झाली, की गॅस कितीही मोठा करा, वाफ धरत नाही. या त्रिकोणाच्या तीन टोकांना अशाच धातूच्या बारीक पट्ट्या असतात. त्यांना 'ॲपेक्स सील' म्हणतात. त्या भिंतीला घासत फिरतात आणि कप्प्यांतला दाब धरून ठेवतात. पट्टी झिजली, की दाब गेला, आणि दाब गेला, की इंजिन गेलं.

जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून एनएसयू या कंपनीत १९५७ मध्ये असं पहिलं इंजिन चाललं. माझदाने १९६१ मध्ये त्याचा परवाना घेतला आणि त्यांच्या डोक्याला ताप झाला. पोकळीच्या आतल्या भिंतीवर या पट्ट्या ओरखडे उठवू लागल्या. तिथल्या इंजिनिअरांनी त्यांना 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' असं नावच दिलं होतं. केनिची यामामोतो यांच्या हाताखालच्या ४७ जणांच्या तुकडीने कार्बन आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणाची पट्टी करून त्यातून वाट काढली, आणि १९६७ मध्ये 'कॉस्मो स्पोर्ट' ही गाडी बाजारात आली. १९७८ मध्ये आरएक्स-७ आली. १९९१ मध्ये फ्रान्समधली ल मां ही २४ तासांची शर्यत माझदाच्या ७८७बी या रोटरी गाडीने जिंकली. ती शर्यत जिंकणारी ती पहिली जपानी गाडी. २००३ मध्ये आरएक्स-८ आली आणि तिच्या इंजिनाला त्या वर्षीचं 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' हे बक्षीस मिळालं. २०१२ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. २०२३ पासून माझदाने एका विजेच्या गाडीत लहानसं रोटरी इंजिन बसवलं, पण ते बॅटरीसाठी वीज तयार करायला, चाकं फिरवायला नव्हे.

हे सगळं मी एका संध्याकाळी भावजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "इतिहास चांगला आहे. पण रिंग गेलेला कुकर आपल्या गळ्यात पडणार नाही कशावरून?"

प्रश्न रास्त होता. उत्तर शोधायला आम्ही तिघं दक्षिण ऑकलंडमधल्या एका मेकॅनिककडे गेलो. मूळचे सामोआ बेटांवरचे, पन्नाशीचे गृहस्थ. पंचवीस वर्षं फक्त रोटरी इंजिनंच उघडत आलेले.

सहा आकडे

त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, "गाडी डोळ्यांनी घेऊ नका. सहा आकड्यांनी घ्या."

दोन रोटर, प्रत्येकाच्या तीन बाजू, म्हणजे सहा कप्पे. प्रत्येक कप्पा किती दाब धरतो, ते मोजायचं. याला कॉम्प्रेशन टेस्ट म्हणतात. साध्या गाडीचं दाबमापक इथे चालत नाही, कारण ते तीन बाजूंचे आकडे वेगवेगळे दाखवत नाही. रोटरीचं खास यंत्र लागतं आणि इंजिन गरम असावं लागतं. स्टार्टर मिनिटाला २५० फेरे देत असताना निरोगी इंजिन सुमारे ८३० किलोपास्कल दाब दाखवतं. ६८० च्या खाली गेलं, की ते मोडीच्या वाटेवर आहे असं समजायचं. शिवाय एकाच रोटरच्या तीन बाजूंत १५० पेक्षा जास्त फरक नसावा.

यंत्राविना करायची एक परीक्षाही त्यांनी शिकवली. गाडी अर्धा तास चालवून गरम करायची, बंद करायची आणि लगेच पुन्हा सुरू करायची. चटकन सुरू झाली तर आशा आहे. स्टार्टर बराच वेळ नुसता घरघरत राहिला, तर नमस्कार करून निघायचं.

भाच्याने आधीच एक लाल गाडी हेरून ठेवली होती. मोठी चाकं, मागे पंख, गर्जना करणारा सायलेन्सर. विकणारा म्हणत होता, इंजिनाने कधी त्रास दिला नाही. टेस्ट केली. सहापैकी चार आकडे ६८० च्या खाली, एक तर ५४५. भाचा कागदाकडे पाहत उभा राहिला. दोन वर्षांच्या रात्रपाळ्या त्या लाल पत्र्याखाली गडप झाल्या असत्या. त्याने विकणाऱ्याचे आभार मानले, टेस्टचे १५० डॉलर दिले आणि परत येताना गाडीत एक शब्द बोलला नाही. भावजीही काही बोलले नाहीत. मात्र त्या रात्री त्यांनी जेवताना स्वतःहून त्याला विचारलं, "दुसरी कुठली बघितली आहेस का?"

दुसरी चंदेरी रंगाची होती. २००६ ची, जपानहून आयात झालेली. अंगावर ओरखडे होते, आणि रेडिओवर स्थानिक स्टेशनं लागत नव्हती, कारण जपानमधल्या जुन्या गाड्यांचे रेडिओ ९० मेगाहर्ट्झपर्यंतच ऐकवतात. पण सर्व्हिसच्या नोंदींचं पुस्तक सोबत होतं आणि सहाही आकडे ७५० च्या वर. ६,००० डॉलरला सौदा ठरला, आणि ९ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, गाडी दारात आली. ताईने गुढीबरोबर तिलाही हळदकुंकू वाहिलं.

वहीची दोन पानं

उरले ३,००० डॉलर. त्यावर खरी चर्चा झाली. भाच्याच्या डोक्यात नवा सायलेन्सर आणि गाडी आणखी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा होत्या. भावजींनी त्यांची हिशेबाची वही काढली. डाव्या पानावर लिहिलं 'न दिसणारं', उजव्या पानावर 'दिसणारं'. म्हणाले, "डावं पान संपेपर्यंत उजव्याला हात लावायचा नाही. कबूल?" भाचा कबूल झाला. दोघांनी मेकॅनिकला विचारून यादी केली.

डाव्या पानावर पहिला मान इग्निशन कॉइल आणि प्लग यांना. या गाडीत चार कॉइल आणि चार प्लग असतात. कॉइल कमजोर झाली, की ठिणगी नीट पडत नाही. पेट्रोल अर्धवट जळून पुढे जातं, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. तो तापून तुंबतो, उष्णता मागे इंजिनात साठते आणि शेवटी सील जातात. म्हणजे स्वस्त वस्तूकडे दुर्लक्ष केलं, की महाग वस्तू हातची जाते. साधारण ५०,००० किलोमीटरला कॉइल बदलाव्यात, असा मेकॅनिकचा सल्ला होता. वायर, प्लग धरून ७०० डॉलर गेले.

मग थंडाव्याची व्यवस्था. रोटरी इंजिनात ॲल्युमिनियम आणि लोखंड यांचे थर एकावर एक बसवलेले असतात. ते फार तापलं, की वाकतं आणि मग दुरुस्ती परवडत नाही. नवे होज, थर्मोस्टॅट, कूलंट आणि रेडिएटरची सफाई यांना ४०० डॉलर. आणखी एक गंमत म्हणजे या गाडीच्या डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा बराच वेळ मध्येच उभा राहतो. तो वर सरकेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून ४० डॉलरचं एक छोटं यंत्र गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावलं. ते खरं तापमान मोबाइलवर दाखवतं. मेकॅनिक म्हणाले, या गाडीसाठी एवढ्या पैशांत याहून चांगली सुधारणा नाही.

नवी बॅटरी आणि जास्त जोराचा स्टार्टर, ४५० डॉलर. स्टार्टर जितका जोरात फिरेल, तितकं इंजिन लवकर पेट घेतं. ऑइल आणि फिल्टर, १२०. ब्रेक पॅड आणि ब्रेकचं ऑइल, २५०. टायर चांगले दिसत होते, पण मेकॅनिकने त्यांच्या अंगावरचा चार आकडी शिक्का दाखवला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. टायर अकरा वर्षांचे निघाले. नवे चार, ७०० डॉलर. हा शिक्का आपल्याकडच्या टायरवरही असतो. जुनी गाडी घेताना वाचकांनी तो जरूर वाचावा.

दोन गाड्यांच्या टेस्टचे ३०० धरून बेरीज झाली २,९६०. उजव्या पानासाठी उरले ४० डॉलर. त्यात भाच्याने गिअरची नवी मूठ घेतली. तीच तेवढी दिसते!

तेलाची गोष्ट

एवढं होऊनही भावजी त्या गाडीकडे परक्याच्या नजरेनेच बघत होते. तो दुरावा तेलाने घालवला.

त्रिकोणाच्या टोकांवरच्या पट्ट्यांना वंगण मिळावं, म्हणून हे इंजिन मुद्दामच थोडं थोडं ऑइल आत सोडतं आणि जाळतं. साध्या गाडीने ऑइल खाल्लं तर तो आजार. हिचा तो आहार आहे. म्हणून दर दुसऱ्या टाकीला, सपाट जागी गाडी उभी करून, काडी काढून पातळी बघायची आणि कमी असेल तर भरायची. एक लिटरचा डबा कायम डिकीत. ज्यांना हे माहीत नसतं, त्यांची इंजिनं कोरडी पडून मरतात.

पुढे मेकॅनिक म्हणाले, "आमच्यापैकी बरेच जण पेट्रोलमध्येही थोडं टू-स्ट्रोक ऑइल मिसळतात. चाळीस लिटरला दोनशे मिलिलिटर. पट्ट्यांना बरं असतं."

भावजींनी मान वर केली. "टू-टी? म्हणजे पेट्रोल पंपावर मिळायचं ते?"

कॉलेजात असताना त्यांच्याकडे बजाज चेतक होती. आमच्या घरी ताईला पाहायला ते तिच्यावरूनच आले होते. पंपावर आधी ऑइल, मग पेट्रोल, मग स्कूटर डावी-उजवीकडे हलवून मिश्रण करायचं. महिन्यातून एकदा प्लग काढून पॉलिश पेपरने काजळी घासायची. भावजी हे सगळं त्या मेकॅनिकला हातवारे करून सांगू लागले. मग भाच्याकडे वळून म्हणाले, "चेतकला आम्ही लिटरमागे वीस मिलि घालायचो. तुझी ही बया पाचच मागते. म्हणजे काटकसरीच आहे की!"

भाचा खो खो हसला. कित्येक आठवड्यांत मी त्या घरात ऐकलेलं ते पहिलं मोकळं हसू. त्या शनिवारपासून बापलेक दर आठवड्याला गॅरेजमध्ये बॉनेट उघडून उभे असत. एकाच्या हातात बॅटरी, दुसऱ्याच्या हातात काडी. ताई चहा आतून नेऊन देई आणि परत येऊन मला म्हणे, "आज काडीवरनं काय भविष्य वाचतायत कुणास ठाऊक!"

रोजची शिस्त

या गाडीला काही पथ्यंही आहेत. थंड इंजिन सुरू करून लगेच बंद करायचं नाही. केलं, तर आत साचलेलं पेट्रोल पट्ट्यांवरचं ऑइल धुऊन काढतं, दाब पडतो आणि मग ती सुरूच होत नाही. तसं झालंच, तर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्टार्टर मारायचा. त्याने नवं पेट्रोल येणं थांबतं आणि साचलेलं बाहेर पडतं. पण वेळ येऊच देऊ नये. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या गाडीला जागा करायची होती. भाच्याने किल्ली फिरवली नाही. गिअर न्यूट्रलला टाकला आणि भावजी, तो आणि साडी खोचलेली मी, अशा तिघांनी ती चार हात ढकलली. पाहुणे म्हणाले, "अरेरे, बंद पडली का?" भावजी ऐटीत म्हणाले, "नाही. पथ्य आहे तिचं."

दुसरं पथ्य उलटं आहे. पूर्ण गरम झाल्यावर तिला अधूनमधून पळू द्यायचं. कायम दबकत चालवली, तर आत काजळी साचते. मोटरवेवर चढताना, वेगमर्यादेच्या आत राहून, खालच्या गिअरमध्ये इंजिन मोकळं फिरू द्यायचं. तिसरं, दर ५,००० किलोमीटरला ऑइल बदलायचं. सवलत नाही.

एका वर्षाने, २०२५ च्या एप्रिलमध्ये, भाच्याने मला वहीच्या पानांचे फोटो पाठवले. पुन्हा केलेल्या टेस्टचे सहाही आकडे ७३० च्या वर होते. डाव्या पानावर प्रत्येक टाकी, प्रत्येक लिटर ऑइल तारखेनिशी लिहिलेलं. अर्धं अक्षर त्याचं, अर्धं भावजींचं. दुसऱ्या वर्षाच्या बचतीतून त्याने सायलेन्सर घेतलेला नाही, जुने थकलेले शॉक ॲबसॉर्बर बदलले आहेत. वळणावर गाडी आता रुळावरून गेल्यासारखी जाते म्हणे. तेही डाव्याच पानावर.

ही गाडी घ्या, असं मी कुणाला सुचवणार नाही. आपल्याकडे ती विकायला आलीच नाही आणि तिचं इंजिन जाणणारा मेकॅनिक शोधून सापडणार नाही. पण पहिली गाडी, मग ती जुनी मारुती असो नाहीतर एखादी सेकंडहँड बुलेट, घरातल्या मुलाच्या हाती देताना दोन गोष्टी मात्र जरूर करता येतील. सगळे पैसे खरेदीत घालू नयेत, निदान तिसरा हिस्सा दुरुस्तीला राखून ठेवावा. आणि किल्लीबरोबर त्याच्या हातात एक साधी वही द्यावी. डावीकडे न दिसणारं, उजवीकडे दिसणारं. डावं पान आधी भरायला तो शिकला, तर गाडी टिकेलच. शिवाय पुढे घर, शरीर, संसार अशा कितीतरी गोष्टी त्याला सांभाळायच्या आहेत, आणि त्यांचंही बहुतेक सगळं डाव्याच पानावर असतं.